कोणी मारलं

डॉक्टरांनी आधी हेतलला बाहेर पाठवलं.
दार लोटलं, स्टूल माझ्याजवळ ओढलं,
आवाज खाली आणून म्हणाले,
‘खानविलकरभाई, घाबरू नका. कोणी मारलं?’

मी म्हटलं, मीच.

ते हसले नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं.
दाराच्या काचेतून ती दिसत होती बाकावर,
मांडीवर फाइल, फाइलवर माझा चष्मा
(यंदाचा तिसरा, उजवी काच तडकलेली)
आणि नर्स तिच्या हातांकडे बघत होती,
अंगठ्यांकडे.

कसं सांगायचं.
शिंकेआधी नाकात जे होतं
ते माझ्या मनगटात होतं.
दाबून धरता येतं, नाही असं नाही.
नोटरीच्या टेबलावर एक प्रतिज्ञापत्र टाइप होईपर्यंत,
सुरसागरच्या कडेनं स्कूटर वळवताना,
कुणाच्या लग्नात पाकीट हातात देईपर्यंत.
मग घरी येऊन चपला काढतो
आणि साठलेलं सगळं सव्याज निघतं,
मधल्या बोटाचं पेर, भुवईच्या खाली,
एकदा, पुन्हा, पुन्हा,
बरोबर बसेपर्यंत.
बरोबर म्हणजे काय ते मला विचारू नका.
हात सांगतो, बसला.

आई म्हणायची, सोड ना रे ही सवय.
मी लावून घेतली असती
तर मोडलीही असती, आई.
शाळेत बर्वे सर हातांवर बसवायचे.
हात दबले की मान उडायची,
आणि वर्ग हसायचा ते मानेला.

पडदा फाटलाय, डॉक्टर म्हणाले.
मला दांडिया बाजारातलं गणपतीचं नाटक आठवलं,
दोरी अडकून पडदा अर्धाच राहिला होता
आणि राजा, मिशी एका बाजूला लोंबत,
चहा पिताना सगळ्यांना दिसला होता.

डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला त्यांनी.
तो वर चढणार, फाटलेलं दाबून धरणार,
म्हणून मी खाली बघायचं.
सात दिवस. झोपताना, जेवताना, संडासातसुद्धा.
ऑपरेशन अकरा तारखेला.
म्हणजे चौदाला
अख्खं बडोदं गच्चीवर, माना वर,
आणि मी पालथा, फरशीवरचे ठिपके मोजत.

हातांत हेतलच्या भावाचे विकेटकीपिंगचे ग्लोव्हज,
मनगटाशी नाडीनं बांधलेले.
वरून ‘काइप्यो छे!’ आलं की
ग्लोव्हमधला हात दचकून सुटायचा
आणि ती झेलायची.
गच्चीवर गेलीच नाही ती.
खिडकीतून बघून सांगत राहिली,
हिरवी गेली. पटेलांची दोन गेली.
एक काळी आहे, फार वर, कोणाची कळत नाही.
उंधियु मी मान खाली घालून खाल्लं,
तिनं घास खालून वर भरवले,
रताळं एकदा नाकाला लागलं.

रात्री मनगट धरून झोपायची.
पाचव्या रात्री पकड सुटली असेल,
किंवा तिला खरंच झोप लागली असेल.
मला फक्त आवाज आठवतो,
उशीवर बसला असता तर तसा आला नसता.
मी माफी मागत राहिलो अंधाराची, फरशीची.
ती म्हणाली, हल्या विना सुई जा.
हलू नकोस. नीज आता.

अठराला तपासणी.
तिच्या डाव्या डोळ्याखाली जांभळं, कडेला पिवळं.
पावडर लावली होती, पुरली नव्हती.
डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि यावेळी
मला बाहेर पाठवलं.

त्याच बाकावर बसलो.
मान आपोआप खाली गेली, सात दिवसांची सवय
(ही मात्र सवयच).
बुडबुडा डोळ्यात तळ्यासारखा हलत होता,
त्याच्या कडेला नर्सचे पांढरे बूट,
ते जागचे हलेनात.
मांडीवर दोन्ही हात, उघडे,
मी त्यांच्यावर बसलो.

आत डॉक्टरांचा आवाज खाली आला.
प्रश्न मला पाठ होता.
मग बराच वेळ काही नाही.
मग हेतलचं हसू, मोठ्यानं,
तिच्या माहेरच्या गच्चीवरचं असावं तसं.

काय सांगितलं तिनं
ते मी अजून विचारलेलं नाही.